नऊ हजार पेटत्या चुली

एका राज्यात थंडीने कोणी मरत नसे. त्याच राज्यात कोणी बोलतही नसे.

आधी असे नव्हते. दहा वर्षांपूर्वीच्या पौषात तेहतीस माणसे गारठून मेली. त्यांच्या चुली विझल्या होत्या, आणि शेजारी जाऊन विस्तव मागण्याइतके बळ त्यांच्या अंगात उरले नव्हते. त्या काळी रीत अशी होती की ज्याची चूल विझे तो गोवरीचा तुकडा घेऊन दुसऱ्याच्या दारी जाई, हाक मारी आणि निखारा मागून आणी. तेहतीस घरांतून हाक गेली नाही. राजा सोमवर्मा तेहतीस चितांपाशी उभा राहिला आणि म्हणाला, "माझ्या राज्यात पुन्हा चूल विझणार नाही."

तो काळ्या टेकडीवर गेला. तिथे अंगारक नावाचा मांत्रिक राहत असे. त्याच्या गुहेत नऊ हजार तांबडे खडे होते, प्रत्येक आवळ्याएवढा. खड्याला लाकूड लागत नसे, फुंकर लागत नसे, धूर होत नसे.

राजाने विचारले, "किती दिवस जळेल?"

मांत्रिक म्हणाला, "तू जाशील, तुझी नातवंडं जातील, तरी जळेल."

राजाने पुढे काही विचारले नाही. खडे घेतले. राज्यात घरेही नऊ हजारच होती.

खडे वाटायचे काम हरकाऱ्यांनी केले. उत्तरेची बाजू रायाजी हरकाऱ्याकडे होती. तो डोंगर चढला, नद्या उतरला, घरोघर खडा दिला. गाव पुरे झाले की काठीवर एक खाच पाडायची, हा हरकाऱ्यांचा शिरस्ता. रायाजीची काठी खाचांनी भरली. त्याने ती राजापुढे ठेवली तेव्हा राजाने त्याला चांदीचा पट्टा दिला. पट्टा त्याने दहा वर्षे गळ्यातून काढला नाही.

सात वर्षांनी माणसांचे आवाज जाऊ लागले. आधी घरात बसणाऱ्या म्हाताऱ्यांचे, मग बायकांचे, मग पुरुषांचे. आवाज गेला की तिथून तिसरा हिवाळा शेवटचा. त्या हिवाळ्यात पायांपासून वर माणूस दगड होत जाई, आणि हिवाळ्याच्या शेवटच्या दिवशी सूर्य डोक्यावर आला की पुरता दगड होई. प्रधान म्हणाला, हा परक्या मुलखातला वारा आहे. सीमेवर वाऱ्याविरुद्ध पहारे बसले. वारा आला आणि गेला.

दर वर्षी प्रधान दरबारात सांगे, "नऊ हजार खडे, नऊ हजार पेटत्या चुली." दगड झालेल्यांच्या चुलीही त्यात धरलेल्या असत. त्या पेटलेल्याच होत्या.

दहाव्या वर्षी राजाने प्रधानाला थांबवले.

"न्यायाची घंटा वर्षभर वाजली नाही. का?"

"प्रजा सुखी आहे, महाराज. सुखी माणूस तक्रार करत नाही."

"बांधावरून भांडणारा एक माणूस नाही. सासूचं गाऱ्हाणं आणणारी एक सून नाही. हे सुख मला पटत नाही."

राजाने रायाजीला बोलावले. रायाजी आता म्हातारा झाला होता. राजा म्हणाला, "तीन गोष्टी पाहून ये. खडे पोचले का? खडे जळतात का? आणि ज्यासाठी दिले ते झालं का? पहिली दोन उत्तरं मी दर वर्षी ऐकतो. तिसरं विचारायला आजवर कोणी गेलं नाही."

"महाराज, खडे मी स्वतः वाटले."

"म्हणून तुलाच धाडतो. साळुंकी बरोबर ने."

दरबारची साळुंकी ऐकेल ते जसेच्या तसे सांगे. तिला खोटे बोलता येत नसे. ती उडून रायाजीच्या खांद्यावर बसली आणि म्हणाली, "हा खांदा हाडाचा आहे. मला मऊ खांद्याची सवय."

"मग राहा इथेच."

"राजाचा हुकूम आहे, म्हाताऱ्या. तुझी हौस नाही."

रायाजी घरी गेला. त्याची बायको सगुणा चुलीपाशी बसली होती. तिचा आवाज गेला त्याला हा तिसरा हिवाळा, आणि तिच्या पायांची बोटे दगड झाली होती. दगड होत चाललेल्या माणसाला भूक लागत नाही, तहान लागत नाही. तिला फक्त बसायचे होते. रायाजीने तिच्या पायांवर घोंगडी टाकली.

"हिवाळा संपायला चाळीस दिवस आहेत," तो म्हणाला. "त्याच्या आत येतो."

तिने मान हलवली. आणखी काय बोलावे ते त्याला सुचले नाही. तिचा आवाज होता तेव्हाही त्याला फारसे सुचत नसे. तो निघाला.

पहिल्या दहा दिवसांत त्याने सतरा गावे पाहिली. तो दारात उभा राही, हाक मारी. आतून कोणी ओ देत नसे. आत जावे तर घर उबदार, चूल लाल, चुलीपुढे माणसे बसलेली. ती त्याच्याकडे बघत, मान डोलावत. एका घरात म्हातारा दगड होऊन बसला होता आणि सुनेने त्याच्या मांडीवर कपडे वाळत घातले होते. अंगणांत गवत गुडघाभर वाढले होते. एका दारातून शेजारच्या दारात जाणारी पायवाट कुठेही दिसत नव्हती.

"खडा पोचला," रायाजी म्हणे. "खडा जळतो."

साळुंकी तेच म्हणे. सतराव्या गावी ती म्हणाली, "हे दोन शब्द मला पाठ झाले. तिसरं काही आहे का?"

रायाजी पुढे चालू लागला.

गावाबाहेर एक कासारीण भेटली. डोक्यावर बांगड्यांची पाटी, तोंडाचा पट्टा चालू. माणसाचा आवाज ऐकून रायाजी जागीच उभा राहिला. दहा दिवसांत त्याच्या कानांवर साळुंकीखेरीज कोणाचा आवाज पडला नव्हता.

"बाई, तुझा आवाज शाबूत कसा?"

"का, दादा? जायला हवा होता का?"

"सगळ्यांचा गेला."

"सगळ्यांचा कुठे? माझा आहे. वासुदेवाचा आहे. दवंडीवाल्याचा आहे. परवा एक भिकारी भेटला, तो तर गातही होता." तिने पाटी खाली ठेवली. "तुमचाही आहे की. जरा खरखरतो, पण आहे."

"तुझ्या घरी खडा नाही?"

"आहे ना. पण घरी असते कोण? वर्षातले दहा महिने मी लोकांच्या दारात उभी. बांगडी नको असली तरी दोन शब्द बोलून निघते. हल्ली मीच दोन्ही बाजूंनी बोलते. सासूबाई, हिरव्या दाखवू का? दाखव गं बाई. असं."

ती हसली. रायाजी हसला नाही. तो वाटेला लागल्यावर साळुंकी म्हणाली, "दारोदार फिरणाऱ्यांचा गळा शाबूत. दारात न येणाऱ्यांचा गेला. कळलं का?"

"कळलं."

"मग वाऱ्यावरचे पहारे कशाला?"

रायाजी म्हणाला, "गप्प राहा." आणि मग पुढे दोन दिवस त्याला वाटत राहिले की तसे म्हणायला नको होते, कारण साळुंकी खरेच गप्प राहिली.

तेराव्या दिवशी उत्तरेची नदी आली. तिच्यात एक डोह होता. डोहावर वाफ होती. पाणी कढत होते आणि कडेला उकडलेले मासे पडले होते.

"हे काय?" साळुंकीने विचारले.

रायाजी काठावर बसला. त्याने गळ्यातला पट्टा हातात धरला. मग म्हणाला, "खेचर इथे वाहून गेलं. अठरा खडे होते. पलीकडच्या वाडीचे."

"आणि वाडीची खाच?"

"पाडली."

"का?"

"बाकीच्या हरकाऱ्यांच्या काठ्या पुऱ्या होत्या. माझीच एक अपुरी राहिली असती."

साळुंकीने मान तिरकी केली. "हे मला सांगावं लागेल."

"सांग."

नदी ओलांडून ते वाडीत शिरले. आधी धूर दिसला, मग खोकला ऐकू आला, मग भांडण. दोन बाया एका गोवरीवरून भांडत होत्या, तिसरी त्यांना समजावत होती, आणि ओट्यावरचा एक म्हातारा तिघींना नावे ठेवत होता. घराघरामध्ये पायवाटा इतक्या की गवताला जागा नव्हती. दगड झालेले एकही माणूस नव्हते. रायाजी दोन दिवस तिथे राहिला. त्याने घरे मोजली, माणसे मोजली, गेलेली विचारली. दहा वर्षांत वाडीतला एक माणूस थंडीने मेला होता. जिचा तो नवरा, ती चांगुणाबाई रायाजीला जेवायला वाढत होती.

"कसा गेला?" रायाजीने विचारले.

"बहिणीकडे गेले होते तीन दिवस. याला ताप. चूल विझली. लोकांना वाटलं, मी घरात आहे." तिने भाकरी ताटात टाकली. "तुमचा राजा खडे वाटतो म्हणे. आम्हाला का नाही मिळाले?"

"मी पोचवले नाहीत. पोचवले असं सांगितलं."

साळुंकीने चोच पंखात घातली.

"खडा असता तर हा वाचला असता?"

"असता."

"आणि मग?"

"मुका झाला असता. एक दिवस दगड झाला असता."

चांगुणाबाईने चुलीत गोवरी सारली. "मुका मला चालला असता," ती म्हणाली. "तसाही फार बोलत नव्हता." मग ती उठली आणि बाहेर गेली. त्या दिवशी तिने रायाजीला पुन्हा वाढले नाही. शेजारणीने वाढले.

तिथून काळी टेकडी पाच दिवसांवर होती. अंगारक मांत्रिक गुहेच्या तोंडाशी एकटाच बसला होता. त्याच्या पायाखालची माती जळून काच झाली होती.

रायाजीने विचारले, "खडा काय खातो?"

मांत्रिकाने त्याच्याकडे नीट पाहिले. "हे दहा वर्षांपूर्वी विचारायला हवं होतं. शब्द खातो. दारात उभं राहून मागितल्याचे आणि दिल्याचे शब्द. ते रोज मिळाले तर त्याचं भागतं. नाही मिळाले तर घरातल्या माणसाचे खातो. ते संपले की माणूस खातो."

"राजाला का नाही सांगितलंस?"

"त्याने किती दिवस जळेल एवढंच विचारलं. तेवढंच मी सांगितलं."

"विझतो कसा?"

"दुसऱ्याच्या चुलीतला जिता विस्तव वर ठेवला की. पण तो मागून आणलेला हवा. घरच्याच माणसाने मागितलेला. हुकमाने आणला, चोरला, विकत घेतला, तर विझत नाही."

"खाल्लेलं परत मिळतं?"

"शब्द मिळतात. दगड झालेला माणूस मिळत नाही." मांत्रिकाने गुहेकडे बोट केले. "त्या नऊ हजारांखेरीज माझ्याही चुलीत एक खडा आहे; मंत्रांवर गळा राखून आहे. मागायला जायचं तर जवळचं घर पाच दिवसांवर. तू जरा बसतोस का?"

रायाजीजवळ दिवस मोजके होते. तरी तो एक दुपार बसला. दोघे फार बोलले नाहीत. बहुतेक साळुंकीच बोलली.

तो वाडीत परतला तेव्हा हिवाळ्याचे चौदा दिवस उरले होते, आणि घर तेरा दिवसांवर होते. तो चांगुणाबाईच्या दारात गेला. तिने त्याला आत बोलावले नाही. उंबऱ्यात उभी राहिली.

रायाजीने आयुष्यात कोणाकडे काही मागितले नव्हते. पगार मिळाला तो घेतला, पट्टा मिळाला तो घातला. मागायचे शब्द त्याच्या तोंडाला ठाऊक नव्हते.

"बाई, मला विस्तव लागतो," तो म्हणाला.

"राजाचं काम आहे का?"

"आहे. पण राजासाठी मागत नाही. माझी बायको दगड होते आहे."

"म्हणजे हुकूम नाही."

"नाही. तुम्ही नाही म्हणालात तर मी असाच जाईन. माझं तोंड नाही मागायचं. तरी मागतो."

चांगुणाबाईने त्याला उभे ठेवले. किती वेळ, ते साळुंकीने मोजले नाही. मग ती आत गेली, मडक्यात राख घेतली, राखेवर तीन निखारे ठेवले, वर राख दाबली. म्हणाली, "गोवरी घालत राहा. भूक लागली तरी आधी याला. आणि तिला माझं नाव सांगा."

तेरा दिवस रायाजी मडके छातीशी धरून चालला. पाऊस आला तेव्हा त्याने पागोटे मडक्यावर घातले. पाचव्या दिवशी एक निखारा विझला. दहाव्या दिवशी दुसरा. साळुंकी रानातून वाळलेल्या काटक्या आणी आणि दर वेळी म्हणे, "दरबारी पक्षी आहे मी," आणि पुन्हा आणायला जाई.

हिवाळ्याच्या शेवटच्या दिवशी, सूर्य माथ्यावर यायला दोन घटका असताना, तो घरात शिरला. सगुणा हनुवटीपर्यंत दगड झाली होती. डोळे उघडे होते. रायाजीने उरलेल्या निखाऱ्यावर गोवरी धरली. गोवरी पेटली. तिचा एक तुकडा बाजूला राखेत ठेवला आणि निखारा उचलून चुलीतल्या खड्यावर टाकला.

खडा तडकला. काळा पडला. घर एकदम थंड झाले. दहा वर्षांत पहिल्यांदा त्या घरात थंडी आली.

मग खड्याच्या तड्यातून सगुणाचा आवाज येऊ लागला. तीन वर्षांत खड्याने तिचे जेवढे शब्द ओठांवर येताच खाल्ले होते, तेवढे खाल्ल्या क्रमाने बाहेर आले.

"अहो, जेवायला या." "अहो, आज पाय दुखतोय." "कुठे निघालात?" "परत कधी येणार?" "पाणी तापलंय." "आज माझ्या आईचा दिवस. तुम्हाला आठवत नसेल." "बाहेर कोणी आलं का?" "मला वाटलं कोणी आलं." "अहो." "अहो." "जेवायला या."

रायाजी चुलीपुढे बसला. ती प्रत्येक हाक त्याच्या पाठीमागून दिलेली होती. तो पुढच्या दारात काठी तासत बसलेला असताना, पट्टा पुसत असताना, झोपेचे सोंग घेऊन पडलेला असताना. आता तो एकेकीला उत्तर देऊ लागला.

"आलो," तो म्हणाला. "कुठला पाय? दाखव." "राजाच्या कामाला." "नाही, कोणी आलं नाही." "आईचा दिवस विसरलो होतो." "हो." "हो."

शब्द संपत आले तसा दगड खाली उतरत गेला. गळा मोकळा झाला, मग खांदे, मग हात. ऊन कलले तेव्हा सगुणाने पायांची बोटे हलवली आणि स्वतःच्या तोंडाने म्हणाली, "निखारा कोणाकडचा?"

"नदीपलीकडच्या चांगुणाबाईकडचा."

"मागितलात?"

"मागितला."

तिने त्याच्याकडे असे पाहिले, जसे कोणी परक्या गावाहून आलेल्या माणसाकडे पाहते.

दुसऱ्या दिवशी रायाजी दरबारात उभा राहिला. प्रधान म्हणाला, "खडे पोचले?"

"आठ हजार नऊशे ब्याऐंशी पोचले. अठरा मी नदीत घालवले आणि खोटी खाच पाडली."

"जळतात?"

"जळतात."

राजाने विचारले, "आणि ज्यासाठी दिले ते?"

रायाजीने साळुंकीला खाली उतरवले. साळुंकी सिंहासनासमोर बसली आणि तिने सगळे सांगितले, कासारीण, डोह, वाडी, मांत्रिक. वाडीतला थंडीने मेलेला तो एक माणूसही तिने सांगितला आणि त्याच्या बायकोचे बोलणेही. शेवटी सगुणाच्या आवाजात ती म्हणाली, "अहो, जेवायला या." आणि पुढचे सगळे, एकही हाक न गाळता. दरबारात मुकी राणी पडद्यामागे बसली होती. पडदा हलला.

राजाने पडद्याकडे पाहिले. मग रायाजीला म्हणाला, "तू खोटं बोललास, म्हणून ताडून पाहायला एक वाडी उरली. तरी खोटं ते खोटंच. पट्टा ठेव."

रायाजीने पट्टा काढून पायरीवर ठेवला. त्याची मान हलकी झाली. त्याला ते आवडले नाही.

प्रधान म्हणाला, "महाराज, आजच हुकूम काढतो. प्रत्येक घराने—"

"हुकमाने विझत नाही, ऐकलं नाहीस का?" राजा सिंहासनावरून उतरला. त्याने वाड्याच्या स्वयंपाकघरातून गोवरीचा तुकडा घेतला. राजाला शेजार नसतो. सगळ्यांत जवळचे घर माहुताचे होते. पण माहुताच्या चुलीतही खडाच होता, म्हणून राजा त्यापुढच्या घरी गेला, त्यापुढच्या, आणि चालत चालत रायाजीच्या गल्लीत आला. सगुणा दारात उभी होती. राजाने तिच्याकडे विस्तव मागितला. तिने दिला. त्या दिवशी राणी पहिल्यांदा बोलली आणि काय बोलली ते राजाने कोणाला सांगितले नाही.

विस्तव घरोघर जायला तो उन्हाळा लागला. मुक्यांनी दारात उभे राहून गोवरी पुढे केली, तेच त्यांचे मागणे झाले. खडे तडकले, आवाज परतले. पुन्हा कोणी गारठून मरू नये म्हणून राजाने प्रत्येक गल्लीत एकच खडा जिता ठेवला, चावडीत, सगळ्यांनी मागून न्यायला. मागणारे इतके येत की खड्याचे पोट भरे आणि तो कोणाचा गळा खात नसे. ज्या दारातून सकाळी कोणी आले नाही, तिथे दुपारच्या आत पाहून यायचे काम चावडीवाल्याला लावले. नदीपलीकडच्या वाडीला चावडीचा खडा पाठवला, आणि तो चांगुणाबाईच्या ओट्याशेजारी ठेवला. वर्षाच्या आत न्यायाची घंटा वाजली. दोन बाया एका गोवरीवरून भांडत आल्या. राजाने त्यांना बसायला पाट दिला.

दगड झालेली चारशे माणसे परत आली नाहीत. लोकांनी त्यांना चुलीपुढून उचलून अंगणात, उन्हात ठेवले.

रायाजी आता घरीच असे. एका सकाळी तो उठला तेव्हा चूल विझलेली होती आणि सगुणा घरात नव्हती. ती विस्तवाला गेली होती. तो वाट बघत बसला. ऊन ओट्यावर आले. शेजारच्या घरातून बायकांचे हसणे ऐकू येत होते, त्यात तिचा आवाज होता. चहूकडे माणसे बोलत होती, आणि त्याच्या घरात कोणी नव्हते. त्याला थंडी वाजत होती.

आणखी थोडा वेळ तो बसला. मग त्याने गोवरीचा एक तुकडा उचलला आणि शेजारच्या दारात जाऊन हाक मारली.